न लिहिलेला कौल

आडबंदर, ता. मालवण
११ फेब्रुवारी २०२४

चि. प्राजक्तास,
मामाचा आशीर्वाद.

मी फोनवर येत नाही याचा राग धरू नकोस. सुशांत गेल्यापासून फोन कानाला लावला की माझा आवाज निघत नाही. लिहिणं जमतं. छत्तीस वर्षं ग्रामसेवकी केली, त्यामुळे कसलाही प्रसंग असला तरी कागद पुढे ओढला की हात चालतो. म्हणून लिहितो.

माझ्या मुलाचे दिवस मी इथे रीतसर केले. माणसं आली, जेवून गेली. सगळ्यांनी एकच विचारलं, बर्फावरून गाडी घसरते म्हणजे कशी? मी काय सांगणार. मी बर्फ फ्रीजमधलाच पाहिला आहे.

तू तिथे एकटी उभी राहिलीस, दवाखान्यापासून दहनापर्यंत सगळं केलंस. आतेबहीण म्हणून नव्हे, सख्खी बहीण म्हणून केलंस. तुझी आई असती तर तिला बरं वाटलं असतं. ऑस्ट्रियात त्याच्या ओळखीने तुला नर्सची नोकरी लागली तेव्हा मी म्हणालो होतो, चला, दोघं एकमेकांना आहेत. ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आता एकच विचारायचं आहे. शिमग्याला रजा मिळेल म्हणालीस, तेव्हा अस्थी घेऊन येशील ना? खाडीच्या तोंडाशी जिथे माझ्या वडिलांच्या सोडल्या तिथेच सोडायच्या. तुझी मामी रोज विचारते. उत्तर देऊनही परत विचारते.

ती मौनघरवाली माणसं दहनाला आली होती असं तू म्हणालीस. सात वर्षं त्यांनी त्याला आमच्यापासून तोडलं. मूर्ती नाही, पूजा नाही, आरती नाही, शनिवारी दिवसभर तोंड उघडायचं नाही. आमच्या घरी फोन करायचा तोही शनिवारीच वेळ मिळायचा त्याला, आणि नेमका शनिवारच त्यांनी घेतला. आता तरी त्यांचा संबंध संपला असं समजतो.

गणपत धुरी


ग्राझ
२४ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मामींना सांगा, मी विसरलेली नाही.

पण शिमग्याला येताना अस्थी आणता येतील असं वाटत नाही. हे फोनवर मामींना सांगायचं माझ्याच्याने झालं नाही.

कलश अजून इथल्या शहर कार्यालयाच्या ताब्यात आहे. मौनघराने तिथे अर्ज दिला आहे. सुशांतदादाने चार वर्षांपूर्वी एक कागद सही करून त्यांच्याकडे ठेवला होता: माझ्यामागे माझी राख मौनघराच्या बागेत मातीत मिसळावी, नाव लावू नये, दगड ठेवू नये. त्यांच्यात सगळ्यांचं असंच करतात. त्या बागेत बाहेरच्यांना जाता येत नाही. सही दादाचीच आहे. मी ओळखली.

कार्यालयातली बाई वाईट नाही. तिने मला बसवून घेऊन समजावलं. तिचं म्हणणं असं, की हा कागद म्हणजे माणसाची धार्मिक इच्छा असेल तर ती आम्ही डावलणार नाही, कलश मौनघराला जाईल. पण मौनघर ही नुसती एखादी संस्था असेल, क्लबसारखी, तर आई-वडिलांचा हक्क आधी. म्हणजे सगळं अडलंय ते एका प्रश्नावर, मौनघर हा धर्म आहे की नाही.

आणि ते तिलाही माहीत नाही. इथे धार्मिक समुदाय म्हणून सरकारकडे नोंद व्हायला निदान तीनशे माणसं लागतात. मौनघराकडे दोनशे एकाहत्तर आहेत. दादा धरून दोनशे बहात्तर होती.

बाईने दोन्ही बाजूंना मेअखेरपर्यंत मुदत दिली आहे. दुसऱ्या देशांत मौनघराला काय मानतात, आणि मुख्य म्हणजे जिथून दादा आला तिथे काय मानतात, याचे कागद द्या म्हणाली.

मामा, मी सुट्टीच्या दिवशी जाऊन जेवढं होईल तेवढं करते. तुम्ही तब्येत सांभाळा.

प्राजक्ता


आडबंदर
८ मार्च २०२४

चि. प्राजक्तास आशीर्वाद.

तीनशे माणसं! आमच्या नळपाणी समितीलाही कोरम लागायचा, पण कोरम नाही म्हणून विहिरीतलं पाणी हे पाणी नव्हे असं कुणी म्हटलं नाही. आणखी एकोणतीस जण जमले की दोनशे एकाहत्तरांचं खूळ धर्म होणार? त्या एकोणतीस जणांना सर्दी झाली आणि सहीला आले नाहीत तर माझा मुलगा मला मिळणार?

मी माझ्या मुलाची राख मागतो आहे. कुणाच्या मालकीची जमीन मागत नाही, पेन्शन मागत नाही. त्यासाठी मला आधी परदेशातल्या बाईला सिद्ध करून दाखवायचं, की अमुक एक टोळकं धर्म नाही. आणि ते नाही हे सिद्ध कसं करतात गो? नसलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही.

त्याची सही आहे म्हणतेस. असेल. त्या लोकांनी बसवून घेतली असणार. सात वर्षं माणसाला गप्प बसायला शिकवलं की तो कशावरही सही करतो.

मी इथून सगळे कागद जमा करतो. कागदाच्या कामात मला कुणी हरवलेलं नाही. तू बाकीच्या देशांचं बघ.

मामीला अजून काही सांगितलेलं नाही. ती तुझ्यासाठी कोकमं बांधून ठेवते आहे.

गणपत धुरी


ग्राझ
२५ मार्च २०२४

ती. मामांस,
नमस्कार.

शिमग्याची रजा मी रद्द केली. मी या तीन आठवड्यांत जे शिकले ते नर्सिंगच्या चार वर्षांत शिकले नाही. आमच्या वृद्धाश्रमात एक निवृत्त वकील आजोबा आहेत. त्यांना अंघोळ घालताना मी प्रश्न विचारते, ते साबण डोळ्यांत गेला तरी उत्तर देतात.

प्रत्येक देशाचं वेगळंच आहे. अमेरिकेत सरकार धर्मांची यादी ठेवत नाही, पण करमाफी द्यायची की नाही ते कर खातं बघतं. मौनघराला तिथे माफी आहे. म्हणून ते तिथे धर्म आहेत. इंग्लंडमध्ये प्रार्थनेची जागा म्हणून नोंद होते. पूर्वी त्यासाठी देव मानावा लागायचा, आता कोर्टाने ती अट सैल केली आहे. तिथेही त्यांची नोंद आहे. फ्रान्समध्ये सरकार कुठल्याच धर्माला मान्यता देत नाही, सगळ्यांपासून सारखंच लांब. मात्र कुणी माणसांना नादी लावून त्रास देतं का, यावर नजर ठेवणारं सरकारी पथक आहे. मौनघर तिथे गपचूप योगासनांची संस्था म्हणून राहतं. पोर्तुगालमध्ये देशात मुरलेला धर्म म्हणवून घ्यायला तीस वर्षं तिथे असावं लागतं. हंगेरीत तर काही वर्षांपूर्वी कुठला पंथ मान्य करायचा हे संसदेत मत टाकून ठरवत होते.

आजोबा म्हणाले, "ऑस्ट्रेलियातल्या न्यायाधीशांनी त्यातल्या त्यात डोकं चालवलं. पलीकडचं काहीतरी मानता का, आणि त्याप्रमाणे वागता का, एवढंच विचारलं." मग म्हणाले, "पाठ जोरात घास."

म्हणजे मामा, दादा इंग्लंडमध्ये गेला असता तर धर्माचा माणूस म्हणून गेला असता. फ्रान्समध्ये गेला असता तर योगाच्या क्लासचा. इथे गेला, म्हणून एकोणतीस माणसं कमी पडली.

मौनघराने इंग्लंड-अमेरिकेचे कागद लावले आहेत. मी फ्रान्सचा लावला. बाई म्हणते, भारताचं काय ते सांगा. त्यालाच जास्त वजन.

एक सांगायचं होतं. पण ते पुढच्या पत्रात.

प्राजक्ता


आडबंदर
१२ एप्रिल २०२४

चि. प्राजक्तास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पोर्तुगालात देवालाही तीस वर्षांचा प्रोबेशन पिरियड! आम्हाला निदान दोन वर्षांत कायम करायचे. आणि आमदारांनी हात वर केले की धर्म, खाली केले की नाही. हे शहाणे देश. आपल्याकडे काही झालं की हेच लोक हसतात.

मी ओरोसला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो होतो. खिडकीवरच्या मुलीला म्हटलं, मौनघर हा धर्म नाही असा दाखला पाहिजे. ती म्हणाली, "आजोबा, जातीचा दाखला मिळतो, उत्पन्नाचा मिळतो, रहिवासाचा मिळतो. अमुक धर्म नाही असा दाखला कुणीच देत नाही." मी म्हटलं, मग अमुक धर्म आहे असा तरी कोण देतं? तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तुमी खंयचे? मालवणचे? मग वकिलाक इचारा. हयसर उभे रवान नुसते पाय दुखतले."

कुडाळच्या वकिलाने सांगितलं ते असं. आपल्याकडे धर्मांची नोंदवही नाही. भांडण कोर्टात गेलं तर कोर्ट ठरवतं, तेही त्या भांडणापुरतं. पण त्याच वकिलाने एक चांगलं काम केलं. मौनघराचं मूळ पुण्याचं. त्यांची तिथली नोंदणीची नक्कल त्याने काढून दिली. ती जोडली आहे. उद्देश क्रमांक दोन वाच: "संस्था कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही व स्वतः धर्म असल्याचा दावा करणार नाही. आरोग्य व एकाग्रतेचे शिक्षण देणे."

बघितलंस? पुण्यात आम्ही धर्म नाही, सगळ्यांनी या. इंग्लंडात आम्ही धर्म, आम्हाला जागा द्या. फ्रान्समध्ये आम्ही योगासनं. दार बघून नाव सांगणारी माणसं ही. आणि त्यांच्या तोंडावर मी माझा मुलगा सोडून देऊ?

ही नक्कल त्या बाईच्या टेबलावर ठेव. इतकी स्वच्छ कबुली कोर्टातही मिळत नाही. मला आज तीन महिन्यांत पहिल्यांदा जेवण गेलं.

मामीला परवा सगळं सांगितलं. ती उठली आणि खळ्यात जाऊन बसली.

गणपत धुरी

ता. क. सांगायचं होतं ते काय?


ग्राझ
६ मे २०२४

ती. मामांस,

नक्कल दिली. बाईला पटलं होतं. तिने मला कॉफी दिली. मला वाटलं, झालं.

आठ दिवसांनी मौनघराने भारतातला आणखी एक कागद लावला. मराठीत आहे, सोबत जर्मन भाषांतर. त्यांचं म्हणणं असं, की पुण्याची नोंदणी ही नुसती सरकारी सोय; आमच्या विरोधात असलेली माणसं आम्हाला काय समजतात ते बघा. कागद आडबंदरच्या देवस्थान समितीचा आहे. मी शब्दन् शब्द उतरवते:

"ठराव क्र. ७. दि. १४ डिसेंबर २०१९. मौजे आडबंदर येथील सुशांत गणपत धुरी यांनी मौनघर नावाचा स्वतंत्र धर्म स्वीकारला असून ते या गावच्या देवाचे व रूढीचे राहिलेले नाहीत. सबब देवळातील कोणत्याही मानावर वा धार्मिक कार्यावर त्यांचा हक्क राहणार नाही. देवाची आज्ञा घेऊन सर्वानुमते मंजूर."

खाली सात सह्या आहेत. दुसरी तुमची आहे.

बाई म्हणाली, त्याच्या स्वतःच्या गावाने, स्वतःच्या देवळाने आणि स्वतःच्या वडिलांनी लिहून दिलं आहे की हा धर्म आहे आणि तो त्या धर्माचा. मग मी वेगळं कसं म्हणू?

मामा, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

प्राजक्ता


आडबंदर
१९ मे २०२४

चि. प्राजक्तास,

सही माझी आहे. मसुदाही माझाच. समितीत दुसऱ्या कुणाला 'सबब' लिहिता येत नाही.

तू त्या वर्षी जत्रेला नव्हतीस, म्हणून लिहितो. गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. देवासमोर उभं राहून गावाच्या वतीने मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव "व्हय महाराजा" म्हणतो. माझा घसा तेव्हापासूनच बसत होता. सुशांत सुट्टीवर आला होता. म्हटलं, या वर्षी तू घाल. तो नको म्हणाला नाही. उभा राहिला. हात जोडले. चारशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती आणि त्याने तोंडच उघडलं नाही. पाच मिनिटं तसाच. बोलून मागायचं नाही, हे त्यांच्या मौनघरात शिकवतात. मागून कुणीतरी म्हणालं, "धुरींच्या झिलाची जीभ विमानात रवली." लोक हसले. शेवटी मीच गाऱ्हाणं घातलं, फाटक्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसली. मान धुरींकडून काढून घ्यायचा असं बोलणं सुरू झालं. सात पिढ्यांचा मान, प्राजक्ता. मला एकच मार्ग दिसला. घर बाटलं नाही, एकटा मुलगा वेगळ्या धर्मात गेला, असं लिहिलं तर मान घरात राहत होता. तसं लिहिलं. राहिला.

आता प्रश्न आहे तो हा, की देवस्थानच्या दप्तरातला कागद त्या लोकांच्या हातात कुणी दिला? कपाटाची दुसरी किल्ली मंगेश गुरवाकडे असते. मी सरळ त्याच्या घरी गेलो आणि चारचौघांत विचारलं, किती मिळाले? तो वाती वळत होता. वर न बघता म्हणाला, "गणपतदा, माका सही सोडून काय लिवाक येता? कागद तुमच्याकडे. माझ्याकडे नुसतो कौल व्हतो. आणि तो तुमका आवाडलो नाय."

कौलाचं म्हणशील तर, हो, ठरावाआधी देवाला कौल लावला होता. मुलगा गावाचा राहिला की गेला, असं विचारून मंगेशने मूर्तीला दोन्ही बाजूंना पाकळ्या चिकटवल्या. दिसेना म्हणून समई पुढे ओढली. उजवी पाकळी पडली. उजवा म्हणजे राहिला. पण त्याच वर्षी आम्ही देवळात पंखा बसवला होता, तुझ्या मामीनेच दिलेला. मी म्हटलं, ही पंख्याच्या वाऱ्याने पडली, हा कौल धरता येत नाही. कुणी वाद घातला नाही.

मग अध्यक्ष दाजी परबांकडे गेलो. म्हटलं, ठराव रद्द करा, मी नवीन मसुदा आणला आहे. तो पानाचा डबा उघडून हसला. "रद्द? कित्याक? तुझाच मराठी, तुझीच जोडाक्षरां, आमी फक्त सही ठोकली. सगळ्या तालुक्यात असो ठराव कोणाक लिवाक जमलो नसतो म्हणान आमीच तुझो सत्कार करूचो म्हणी होतव."

मी म्हटलं, दाजी, मुलाची राख अडली आहे.

"झिलाची राख होयी म्हणान आता ठराव फिरवतंस? झील व्हतो तेवा कित्याक नाय फिरवलंस?"

मी परत आलो. त्याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. पण हा काय न्याय आहे? एका गावाने रागाच्या भरात देवळापुरता केलेला कागद. त्याच्यावर सात समुद्रांपलीकडचं सरकार ठरवणार की धर्म कशाला म्हणायचं? आम्ही कोण? आमच्या ठरावावर इथला रस्ता दुरुस्त होत नाही!

त्या बाईला सांग, हा कागद चोरून नेलेला आहे. चोरीचा पुरावा धरू नये.

गणपत धुरी


ग्राझ
३ जून २०२४

ती. मामांस,

निकाल शुक्रवारी आला. कलश मौनघराला द्यायचा. चार आठवड्यांत वरच्या कोर्टात दाद मागता येते. वकील आजोबा म्हणतात, पुण्याच्या कागदावर जोर दिला तर आशा आहे.

चोरीचा पुरावा असं मी सांगितलं नाही. कारण ते खोटं आहे, आणि ते मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. हेच सांगायचं राहून जात होतं.

तो कागद कुणी चोरला नाही, मामा. दादाच्या खोलीतलं सामान मी आवरलं. टेबलाच्या खणात रजिस्टर्ड पोस्टाचं पाकीट होतं. मालवणचा शिक्का, पत्ता तुमच्या अक्षरात. आत ठरावाची प्रत, आणि खाली तुम्ही नेहमी लिहिता तसं लिहिलेलं: "प्रत, संबंधित व्यक्तीस माहितीसाठी रवाना." बाकी एक ओळ नाही. बरा आहेस का, जेवतोस का, काही नाही.

पाकिटाच्या मागे दादाने पेन्सिलीने लिहिलं होतं. तेही उतरवते. "बाबांनी कळवलं आहे की मी त्यांच्यातला नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. पण मी मेल्यावर मला कुठे नेऊ नका. जिथे मला काढलेलं नाही तिथेच ठेवा." मौनघराला दिलेल्या कागदावर ज्या दिवसाची सही आहे, त्याच दिवसाची तारीख याच्यावर आहे.

पाकीट मी त्यांना दिलं नाही. त्यांच्याकडे दादाने स्वतः दिलेली झेरॉक्स होती. पाकीट माझ्याकडे आहे. ते मी कार्यालयात दाखवलं असतं तर हे मार्चमध्येच संपलं असतं. तुम्ही कागद गोळा करत होतात, तुम्हाला जेवण जायला लागलं होतं. माझ्याच्याने झालं नाही.

दाद मागायची असेल तर तुमची सही लागेल. फॉर्म जोडला आहे. २८ तारखेच्या आत मला मिळायला हवा.

प्राजक्ता


आडबंदर
१६ जून २०२४

चि. प्राजक्तास,

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. चार महिने तू मला कचेऱ्यांतून फिरू दिलंस, मंगेशसारख्या माणसावर मी चोरीचा आळ घेतला, आणि तुझ्याकडे पाकीट होतं. हे मी लिहितो आहे कारण न लिहिता मनात ठेवण्याचे परिणाम आता मला कळले आहेत.

प्रत पाठवली हे मी विसरलो नव्हतो. त्याने ती फाडून टाकली असेल असं धरून चाललो होतो. रागाने फाडेल, फोन करेल, भांडेल. चार वर्षं वाट बघितली. तो काही बोलला नाही आणि मी मौनघराला दोष देत राहिलो.

पत्र मामीला वाचून दाखवलं. पंख्याचंही सांगितलं, की पंख्याच्या वाऱ्याने पाकळी पडली नसती तर कदाचित मी लिहिताना थांबलो असतो वगैरे. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "कसलो पंखो? त्या दिवशी लाईट खंय होती? जत्रेच्या रातीच ट्रान्सफॉर्मर उडाललो. पाणी मी विहिरीचा वडलंय दोन दिवस." ती परत म्हणाली, "देवान तेका ठेवल्यान. तुमी काढलात." मग सूप घेऊन आत गेली. चाळीस वर्षांच्या संसारात तिने मला असं काही ऐकवलं नव्हतं.

माझा राग गेलेला नाही. माणसं मोजून धर्म ठरवणाऱ्यांवरचा गेला नाही, दार बघून नाव बदलणाऱ्या त्या मौनघरावरचा तर मुळीच नाही. इतका स्वच्छ मनाचा मुलगा होता तर त्याला आई-बापाला एक फोन करायला त्यांनी का शिकवलं नाही? दाजी परबाचाही राग आहे. पण त्या सगळ्यांनी मिळून जे केलं ते माझ्या कागदाशिवाय त्यांना जमलं नसतं. प्रत्येक देश एकच विचारत होता, हा कुणाचा? सगळ्यांच्या आधी आमच्या देवाला विचारलं होतं आणि त्याने सांगितलंही होतं. इतक्या कचेऱ्यांत ती एकच होती जिथे उत्तर लगेच मिळालं. ते मी नोंदवलं नाही.

फॉर्म सही न करता परत पाठवतो आहे. दाद मागायची नाही. तो जिथे ठेवा म्हणाला तिथेच त्याला ठेवू दे. मामीचंही तेच म्हणणं आहे. कोकमं पोस्टाने पाठवते म्हणाली.

मंगेशकडे जाऊन आलो. गाऱ्हाण्याचा मान आता मी घेणार नाही असंही समितीला लेखी दिलं. दाजी विचारत होता, कित्याक? मी पोच घेऊन निघालो.

सोबत वेगळ्या कागदावर एक निवेदन आहे. त्याचं भाषांतर करून घे आणि त्या बाईला दे. तिला सांग, निकाल बदलायला हे नाही. फायलीत ठराव क्रमांक सात आहे, त्याच्या मागे हे टाचून ठेव, एवढंच.

मामा


निवेदन

मी, गणपत धुरी, निवृत्त ग्रामसेवक, रा. आडबंदर, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग, स्वखुशीने लिहून देतो की,

आडबंदर देवस्थान समितीच्या दि. १४ डिसेंबर २०१९ च्या ठराव क्र. ७ चा मसुदा मी तयार केला होता. त्यात "देवाची आज्ञा घेऊन" असे नमूद आहे. आज्ञा घेतली होती. माझा मुलगा सुशांत या गावचा राहिला किंवा कसे, असा कौल मंगेश गुरव यांनी माझ्यासमक्ष लावला. उजवा कौल झाला. त्याचा अर्थ, राहिला. तो मी ठरावात लिहिला नाही. पंख्याच्या वाऱ्याने पाकळी पडली, असे मी सभेत सांगितले.

त्या दिवशी, आदल्या रात्रीपासूनच, गावात वीज नव्हती.

सही
गणपत धुरी

प्रत: सुशांत गणपत धुरी.